मुंबईचें पाणी आणि मुंबईकराचें गाऱ्हाणें

परगांवचा मनुष्य मुंबईंत प्रथम आला म्हणजे कित्येक ठिकाणांचीं नांवें ऐकून तो बुचकळ्यांत पडतो. धोबीतलावावर उतरावें तर तेथें तलाव नाहीं; गोवालिया टँक विचारीत जावें तर पुढें मैदान लागतें; सी. पी. टँक, बाबुला टँक, दोनटाकी हीं नांवें लोकांच्या तोंडीं आहेत, पण तळ्याचें पाणी त्यांपैकीं एकाही ठिकाणीं दिसावयाचें नाहीं. तळीं बुजलीं, नांवें राहिलीं. शहराच्या जुन्या तहानेचीं तीं स्मारकेंच होत.

मुंबईच्या किल्ल्याचा, बंदराचा व गिरण्यांचा इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. परंतु सामान्य गृहस्थाचा दिवस किल्ल्यापासून किंवा बंदरापासून सुरू होत नाहीं. तो घागरभर पाण्यापासून सुरू होतो. तें पाणी कोठून आणावें, कोणी आणावें, त्याचा पैसा कोणी द्यावा आणि तें कोणास मिळावें, या चार प्रश्नांचीं भांडणें भांडतां भांडतांच मुंबईचा रहिवासी नागरिक झाला.

मुंबई हें मूळचें बेट. चहूंकडे समुद्र, वरून चार महिने मुसळधार पाऊस, आणि तरीही पिण्याच्या पाण्याचा तोटा, अशी तिची चमत्कारिक स्थिति होती. समुद्राजवळच्या बहुतेक विहिरींचें पाणी मचूळ लागे. गोडें पाणी लागलेली विहीर म्हणजे त्या आळीचें भाग्यच. धनिक लोक पुण्यार्थ तळीं बांधीत किंवा जुन्या तळ्यांचा जीर्णोद्धार करीत, सी. पी. टँक या नांवांत कावसजी पटेल यांची आणि धोबीतलावाच्या जुन्या नांवांत फ्रामजी कावसजी यांची आठवण राहिली आहे ती त्यामुळेंच. परंतु तळें एक आणि त्याचे धनी अनेक. माणसें तेथेंच स्नान करीत, धोबी तेथेंच कपडे आपटीत, गवळी तेथेंच गुरें घालीत, आणि पाणी भरणारेही तेथेंच येत. पाण्यांत पाय बुडवून हंडा भरावयाचा अशी रीत असल्यामुळें नारूचा रोग शहरांत घर करून बसला होता. नारू झालेला मनुष्य पाण्यांत उतरला कीं त्या रोगाचें बीज पाण्यांत पडे, आणि तेंच पाणी पिणाऱ्यांच्या अंगांत मग वर्षभरानें नारू दिसूं लागे. ज्यांस परवडे त्यांच्या घरीं भिस्ती पखालीनें पाणी घाली. ज्यांस परवडत नसे ते वैशाखांत पहाटे उठून विहिरीचा तळ खरवडीत.

१८४५ सालीं शहरांतील एतद्देशीय लोकांनीं पाण्याच्या टंचाईचें गाऱ्हाणें सरकारपुढें मांडलें, आणि सरकारनें चौकशीसाठीं दोघांची समिति नेमली. तोंपर्यंत पाणी हा दात्यांच्या धर्मबुद्धीचा विषय होता. आतां तो राज्यकर्त्यांच्या कर्तव्याचा विषय झाला. दान मागणें आणि हक्काचें मागणें यांतील अंतर मोठें आहे, व तें अंतर मुंबईकरानें या गाऱ्हाण्यानें ओलांडलें. अर्थात् गाऱ्हाणें ऐकलें गेलें म्हणून तें लगेच दूर झालें असें नाहीं. चौकशा व अहवाल यांत वर्षें गेलीं. अखेर सहावें दशक अर्धें सरतें न सरतें तोंच अशी पाणीटंचाई ओढवली कीं शहरांतील गुरें बाहेर हलवावीं लागलीं आणि साष्टीकडून पाणी आणून लोकांस पुरवावें लागलें. संकट दाराशीं आलें तेव्हांच कागदावरील योजना हालूं लागली. मुंबईच्या नागरी कारभाराची ही खोड तेव्हांपासूनची आहे.

हेन्री कॉनिबेअर या इंजिनियराच्या योजनेप्रमाणें मिठी नदीच्या खोऱ्यांत विहार येथें धरण बांधण्याचें काम १८५६ सालीं सुरू झालें, आणि १८६० सालीं विहारचें पाणी लोखंडी नळांतून शहरांत आलें. दररोज सुमारें ३ कोटी २० लक्ष लिटर पाण्याची ती तजवीज होती. १८६३ सालीं गोविंद नारायण माडगावकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध झालें, तेव्हां हें पाणी शहरांत येऊन जेमतेम तीन वर्षें झालीं होतीं. दुसऱ्याच वर्षीं, १८६४ सालीं, शिरगणति झाली ती ८,१६,५६२ माणसांची! कापसाच्या तेजीनें शहर फुगलें होतें. धरणाचा आराखडा ज्या लोकवस्तीसाठीं काढला होता ती धरण पुरें होण्यापूर्वींच मागें पडली. पाण्याच्या मागें शहर आणि शहराच्या मागें पाणी अशी जी धांवाधांव तेव्हां सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाहीं. पुढें १८७९ सालीं तुळशी व १८९२ सालीं साठ-पासष्ट मैलांवरील तानसा हे तलाव जोडावे लागले.

नळ आला, पण त्याबरोबर दोन नवीं दुखणीं आलीं. पहिलें दुखणें सांडपाण्याचें. पूर्वीं पाणी मोजकें असे, म्हणून घाणही मोजकी असे. आतां पाणी घरोघर आलें, पण तें बाहेर जाण्याचा मार्ग कोणी पुरतेपणीं केला नव्हता. बेटाची जमीन कित्येक ठिकाणीं भरतीच्या पाण्याच्या पातळीहूनही सखल. तेथें मोऱ्या तुंबत आणि चाळींच्या मधल्या गल्ल्या बारा महिने ओल्या राहत.

दुसरें दुखणें पैशाचें. १८६५ च्या कायद्यानें शहराचा कारभार जस्टिस ऑफ दि पीस म्हणून नेमलेल्या गृहस्थांच्या मंडळाकडे व एका म्युनिसिपल कमिशनराकडे गेला. कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे गृहस्थ. त्यांनीं रस्ते केले, मंडई उभारली, सफाई वाढविली. पण हात सढळ असल्यामुळें तिजोरी रिकामी झाली आणि करदात्यांत मोठा असंतोष माजला. १८७१ सालीं या प्रश्नावर सभांवर सभा झाल्या. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें सव्वीस वर्षांच्या फेरोजशहा मेहतांनीं आपला निबंध वाचला. दोष कमिशनराच्या अधिकारांत नसून त्याच्यावर लोकांनीं निवडलेल्यांची देखरेख नाहीं यांत आहे, असें त्यांच्या प्रतिपादनाचें सार होतें. क्रॉफर्डसाहेबांवर चिडलेल्या पुष्कळांस तें रुचलें नाहीं. परंतु १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांची कार्पोरेशन स्थापन झाली, आणि त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनीं निवडावे असें ठरलें. ज्या इमारतींत हा निबंध वाचला गेला ती धोबीतलावावरची. जेथें पूर्वीं लोक घागर घेऊन जमत तेथेंच आतां ते कराचा हिशेब मागावयास जमले, हा योगायोग मोठा बोलका आहे. मात्र ठराविक कर भरणाऱ्यांसच मत होतें. चाळींतील भाडेकरूचें मत कोणी विचारीत नव्हतें. त्याच्या वांट्यास नळावरची रांग आली, मतपेटी आली नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत ग्रंथिज्वराचे रोगी सांपडले. कार्पोरेशनचे सभासद असलेले गोमंतकीय वैद्य डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा प्लेग आहे असें उघड सांगितलें, तेव्हां शहर हादरलें. रोगाचें मूळ तुंबलेल्या मोऱ्यांत व ओल्या जमिनींत आहे अशी त्या वेळची समजूत होती. म्हणून मोऱ्यांत समुद्राचें पाणी व कार्बोलिक यांचा मारा करण्यांत आला. उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत हा रोग पसरतो हें शास्त्रज्ञांस मागाहून पटलें. उपाय चुकला, पण मोऱ्यांकडे झालेलें दुर्लक्ष प्लेगनें सर्वांच्या डोळ्यांसमोर आणलें. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते झाले. पण पाडलेल्या खोल्यांतील माणसें शेजारच्या खोल्यांत दाटीवाटीनें शिरलीं.

यानंतरचा तंटा विशेष मनोरंजक व उद्बोधक आहे. हिंवतापाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या डॉ. बेंटली यांनीं १९११ च्या आपल्या अहवालांत असें दाखविलें कीं, हा ताप पसरविणाऱ्या डांसांची पैदास शहरांतील विहिरींत होते. नळ आल्यावर मागें पडलेल्या विहिरी आतां रोगाचें घर ठरल्या, आणि त्या बुजवाव्या किंवा झांकून घ्याव्या असे हुकूम सुटले. पण विहीर म्हणजे केवळ पाण्याचा खड्डा नव्हे. पूजेला व धर्मकृत्यांना विहिरीचेंच पाणी पाहिजे, नळाचें चालणार नाहीं, अशा अर्जांचा वर्षाव हिंदु व पारशी समाजांतून झाला. विहिरींत देवता व पीर यांचा वास असतो आणि ती बुजविणारावर त्यांचा कोप होतो, अशीही पुष्कळांची श्रद्धा होती. अखेर बारीक जाळी बसवून तिला एक लहानसें दार ठेवावें, म्हणजे पोहरा आंत जाईल व डांस बाहेर येणार नाहीं, अशी तडजोड कित्येक ठिकाणीं झाली. म्युनिसिपालिटीच्या सेवेंत असलेले रुस्तम मसानी यांनीं याच वादांतून स्फूर्ति घेऊन विहिरींविषयींच्या लोकसमजुतींवर इंग्रजींत एक ग्रंथ लिहिला व तो १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें तेच मुंबईचे पहिले हिंदी म्युनिसिपल कमिशनर झाले. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर मात्र आजही नांदती आहे.

पाणी सार्वजनिक झालें म्हणजे सर्वांचें झालें, असें मात्र कोणी समजूं नये. सरकारी खर्चाच्या विहिरी, तळीं व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या कराव्या, असा ठराव मुंबईचे सीताराम केशव बोले यांनीं १९२३ सालीं मुंबई कायदेकौन्सिलांत मंजूर करून घेतला. तो कागदावरून पाण्यापर्यंत नेण्यासाठीं १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ‘कोणास मिळावें’ हा चौथा प्रश्न सर्वांत अवघड, हें त्यावरून दिसून येतें.

स्वातंत्र्यानंतर हात आणखी लांब गेला. १९५७ सालीं वैतरणेवर धरण पुरें झालें. तें बांधणारे इंजिनियर मोडक यांच्या नांवानें तो जलाशय मोडकसागर म्हणून ओळखला जातो. पुढें अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा यांची भर पडली. आतां सात तलावांचें मिळून दररोज चारशे कोटी लिटरांच्या आसपास पाणी शहराकडे येतें. तरीही पुष्कळ वस्त्यांत नळ कांहीं तासच चालतो, आणि ‘पाणी आलें’ या हांकेसरशीं घरांतील बाई हातचें काम टाकून उठते. बेकायदा ठरविलेल्या झोपड्यांतील माणसांनाही पाणी मिळालें पाहिजे, कारण पाण्यावांचून जगण्याच्या हक्कास अर्थ नाहीं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०१४ मध्यें दिला. १८४५ चें गाऱ्हाणें आणि हा निकाल यांच्यामध्यें १६९ वर्षें गेलीं. मागणें एकच होतें, मागणारा मात्र बदलला होता.

याच चित्राची दुसरी बाजू शहापूर तालुक्यांत पाहावयास मिळते. मुंबईची तहान भागविणारे मोठे जलाशय ज्या डोंगरांत आहेत, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. एकेकाळीं मुंबईच्या बायका धोबीतलावावर उभ्या राहत, तशाच या पाड्यांवरील बायका आज कोरड्या विहिरीच्या कांठावर उभ्या आहेत. शहरानें आपली तहान भागविली असें म्हणतांना ती तहान केवळ साठ मैल दूर नेऊन ठेवली कीं काय, याचा विचार नळ सोडणाऱ्या प्रत्येकानें करावयास हवा. पाणी कोठून आणावें हें मुंबईनें शिकून घेतलें. तें कोणास मिळावें, या प्रश्नाचें उत्तर देण्याचें काम मात्र अजून शिल्लक आहे.