मधपेटीच्या दर्शनी फळीची कुळकथा

एक सैतान सहाणेच्या चाकाशी बसलाय आणि एका बाईची जीभ त्यावर धरून तिला धार लावतोय. दुसरा सैतान चाक फिरवतोय. हे चित्र स्लोव्हेनियातल्या मधपेट्यांवर पुन्हा पुन्हा सापडतं. शेजारच्या पेटीवर कुमारी मरिया, तिच्या खाली जळत्या घरावर बादली ओतणारा संत फ्लोरियन, त्याच्या पलीकडे मेलेल्या शिकाऱ्याची तिरडी खांद्यावर घेऊन निघालेली जंगली जनावरं. कुठं गोगलगाईला घाबरून पळणारे शिंपी, कुठं पाटलोणीवरून आपसात भांडणाऱ्या बाया. अशी सहाशेच्या आसपास निरनिराळी चित्रं अभ्यासकांनी मोजली आहेत.

स्लोव्हेनिया म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडा मोठा देश, लोकसंख्या जेमतेम एकवीस लाख. त्याच्या वायव्येला आल्प्सच्या पायथ्याशी जो गावांचा पट्टा आहे, तिथं आणि त्याला लागून असलेल्या, आज बहुतांशी ऑस्ट्रियात असलेल्या कॅरिंथियात ही रंगीत फळी घडली. ती धर्मातून आली, लोककलेतून आली, असं सांगायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. संत आणि सैतान युरोपभर होते, हौशी चितारीही होते. मधपेटीवर मात्र ते इथंच चढले, आणि त्याचं कारण सुताराकडे आहे.

युरोपात बऱ्याच ठिकाणी मधमाश्या गवताच्या पेंढ्याच्या गोल टोपलीत नाहीतर पोकळ ओंडक्यात पाळत. टोपलीवर चित्र काढणार कुठं? स्लोव्हेनियाच्या या भागात, जुन्या क्रान्यस्का प्रांतात, लाकडी फळ्यांची बुटकी, लांबट पेटी रूढ झाली. तिचं नाव क्रान्यिच. डोंगरात स्प्रूसचं लाकूड मुबलक, सहा फळ्या ठोकल्या की पेटी तयार. तिचा दर्शनी भाग म्हणजे साधारण अर्धी वीत उंच आणि फूटभर रुंद अशी सपाट फळी, तिच्या खालच्या कडेला माश्यांना ये-जा करायला फट. शिवाय पेटी चौकोनी असल्यामुळे एकीवर एक रचता येई. घराजवळ छपराखाली दोन-तीन ओळींत पेट्या मांडल्या की सगळ्या दर्शनी फळ्या मिळून एक भिंतच उभी राही. चितारी कामाला लागायच्या आधी भिंत सुतारानं तयार करून ठेवली होती.

रचता येण्याचा खरा उपयोग वेगळाच होता. जुलैत रब्बीसारखं हिवाळी धान्य निघालं की त्याच शेतात कुट्टू पेरत. तो ऑगस्टमध्ये फुलायचा, आणि डोंगरातली फुलं तोवर संपलेली असत. म्हणून शेतकरी रात्री पेट्यांची फट बंद करून त्या बैलगाडीत, घोडागाडीत रचत आणि माश्यांना खालच्या मैदानातल्या कुट्टूच्या शेतांवर चारायला नेत. मधाला आणि मेणाला गिऱ्हाईक होतंच: मध हा साखरेआधीचा गोडवा, मेण देवळातल्या मेणबत्त्यांसाठी. ज्या घराकडे पंधरा-वीस वसाहती, त्या घरात रोख पैसा येई.

आता रंग कशासाठी? एकसारख्या पेट्यांच्या भिंतीत माशीनं आपलं घर ओळखावं म्हणून, असं पाळणारे सांगत. हे निव्वळ दंतकथा नाही. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी 1914 साली मधमाश्यांना रंग दिसतात हे प्रयोगानं दाखवलं. लाल मात्र त्यांना दिसत नाही. म्हणजे निळी पार्श्वभूमी माशीच्या कामाची, मरियेचा लाल झगा तिच्या लेखी अंधार. जीभ धारदार करणारा सैतान तर माशीसाठी काढलेला नव्हताच, तो चर्चला जाणाऱ्या शेजाऱ्यासाठी होता. मालकालाही सोय होती: कुठल्या पेटीतून थवा उठला ते ‘फ्लोरियनवाली’ म्हटलं की घरातल्या सगळ्यांना कळे.

या फळीचा जनक म्हणून आंतोन यान्शाचं नाव हटकून घेतलं जातं. ब्रेझनित्सा गावात 1734 मध्ये जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा चित्रकला शिकायला भावांबरोबर व्हिएन्नाला गेला. त्याचा भाऊ लोव्ह्रो निसर्गचित्रकार म्हणून नावाजला. आंतोनला मात्र माश्यांनी ओढलं. सम्राज्ञी मारिया थेरेसानं व्हिएन्नात मधमाशीपालनाची शाळा काढली आणि 1770 मध्ये त्याला तिथं शिक्षक नेमलं. नर माश्या पाणी वाहायला असतात, ही तेव्हाची समजूत त्यानं खोडून काढली आणि त्यांचं काम राणीशी संयोगाचं आहे असं मांडलं. 1771 मध्ये थवे उठण्याविषयीचं त्याचं पुस्तक आलं, 1773 मध्ये तो वारला. वय एकोणचाळीस. चित्रकार आणि मधपाळ एकाच माणसात, म्हणून कथा छान जुळते. पण आज माहीत असलेली सर्वांत जुनी साल घातलेली फळी 1758 ची आहे, तिच्यावर मरिया आहे, आणि तेव्हा यान्शाला व्हिएन्ना अजून दिसायचं होतं. प्रथा त्याच्या आधीच गावात होती. तिची प्रतिष्ठा त्यानं वाढवली, इतकं श्रेय पुरे.

आधीच्या फळ्या देवाधर्माच्या. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात गावगप्पा शिरल्या, नेपोलियनचे शिपाई शिरले, पेगाम आणि लाम्बेर्गर या लोकगीतातल्या वीरांचं द्वंद्व शिरलं. साधारण 1820 ते 1880 हा भराचा काळ. बहुतेक फळ्यांवर सही नाही. काही चितारी शिकलेले, चर्चची कामं करणारे; बरेचसे गावातलेच, एकच नमुना गावोगाव काढून देणारे. मातीचे रंग जवसाच्या तेलात घोटून लावत. उन्हापावसात शंभर-दीडशे वर्षं उभ्या राहिलेल्या फळ्यांवर ते रंग अजून वाचता येतात, यावरून त्या लोकांना आपला धंदा कळत होता हे दिसतं.

मग या फळ्या थांबल्या, तेही पेटीमुळेच. बिटाची साखर स्वस्त झाली, पॅराफिन आलं, मध-मेणाचा भाव उतरला. क्रान्यिच पेटीत पोळं आतल्या भिंतींना चिकटलेलं असे. मध काढायला ते कापावं लागे. हलत्या चौकटींच्या पेट्या आल्यावर हा कारभार मागे पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंतोन झ्निदरशिच या मधपाळानं मागून, कपाटासारखी उघडणारी मोठी पेटी रूढ केली. स्लोव्हेनियात आजही बहुसंख्य मधपाळ तीच वापरतात. जुनी दर्शनी फळी तिच्यात उरलीच नाही. लोक पुढची बाजू रंगवतात, पण बहुधा नुसत्या निळ्या, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांनी. माशीला तेवढंच लागतं.

यान्शाच्या स्मरणार्थ 20 मे हा जागतिक मधमाशी दिन ठरवावा, ही स्लोव्हेनियाची मागणी संयुक्त राष्ट्रांनी 2017 मध्ये मान्य केली. आज पर्यटकांच्या दुकानांत रंगीत फळ्यांच्या नकला ढिगानं दिसतात. त्या लाकडावर नुसत्या छापलेल्या असतील तर पैसे वाचवा. राडोवल्यित्सा या छोट्या शहराच्या चौकातल्या जुन्या गढीत 1959 पासून मधमाशीपालनाचं संग्रहालय आहे आणि अस्सल फळ्यांचा मोठा संग्रह तिथं आहे. स्लोव्हेनियाला गेलात तर राजधानी ल्युब्ल्यानाहून तासाभराच्या आत तिथं पोहोचता येतं.