साथी निहाल अहमद : मालेगाव ते विरोधी पक्षनेतेपद

महाराष्ट्र विधानसभेच्या विरोधी पक्षनेत्यांच्या यादीत शरद पवार यांच्यानंतर मालेगावच्या निहाल अहमद मौलवी मोहम्मद उस्मान यांचे नाव येते. त्यांची कारकीर्द अभ्यासताना प्रथम त्यांच्या शहराचा विचार करावा लागतो. उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः १८५७ नंतर, आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावची वस्ती वाढविली. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. सुताचा भाव, मजुरी आणि वीज हे येथील रोजचे प्रश्न. अशा कष्टकरी, उर्दूभाषक शहरात समाजवादी विचार रुजला, आणि निहाल अहमद अखेरपर्यंत 'साथी' म्हणूनच ओळखले गेले. मुस्लीमबहुल मतदारसंघ हाताशी असूनही त्यांनी धर्माच्या नावाचा पक्ष न निवडता समाजवादी प्रवाहातच राजकारण केले, ही बाब महत्त्वाची होय.

१९७८ पासून १९९५ पर्यंतच्या पाचही निवडणुकांत ते मालेगावातून विजयी झाले. प्रथम जनता पक्षाचे व नंतर जनता दलाचे उमेदवार म्हणून. पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात (१९७८-८०) ते मंत्री होते.

विरोधी पक्षनेतेपद मात्र त्यांच्याकडे संख्याबळाच्या उलथापालथीतून आले. १९८५ च्या निवडणुकीत २८८ पैकी समाजवादी काँग्रेसला ५४, जनता पक्षाला २०, भाजपला १६ व शेतकरी कामगार पक्षाला १३ जागा मिळाल्या होत्या. डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबाद येथे राजीव गांधी यांच्या उपस्थितीत पवार आपल्या पक्षासह काँग्रेसमध्ये परतले. सभागृहातील सर्वांत मोठा विरोधी गटच सत्ताधारी बाकांवर गेला आणि वीस जागांचा जनता पक्ष विरोधकांत पहिला ठरला. ज्या नेत्याच्या मंत्रिमंडळात काम केले, त्याच्याच जाण्याने रिकामी झालेली खुर्ची निहाल अहमद यांच्या वाट्याला आली! नोव्हेंबर १९८७ पर्यंत, म्हणजे जेमतेम वर्षभर, ते या पदावर होते. त्यानंतर ते शेकापचे दत्ता पाटील यांच्याकडे गेले. विखुरलेल्या विरोधकांत हे पद फार काळ एका पक्षाकडे टिकणे कठीणच होते.

आज त्यांचे नाव निघताच दंडावरची काळी फीत आठवते. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर निषेध म्हणून बांधलेली ही फीत त्यांनी आयुष्यभर उतरविली नाही. फितीच्या या प्रसिद्धीत त्यांचे संसदीय काम झाकले गेले, असे म्हणावे लागते. विधिमंडळाच्या कामकाजाचे मुद्रित वृत्तांत ग्रंथालयांत आहेत. ते वाचण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते.

१९९९ मध्ये काँग्रेसचे शेख रशीद यांनी त्यांचा पराभव केला. डिसेंबर २००१ मध्ये मालेगाव महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २००२ मध्ये पहिले महापौर म्हणून निहाल अहमद पुन्हा शहराच्या कारभारात आले. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.