गॅझेटाचा कागद आणि आपली जमीन

उसाची भरणी चालू आहे, पण आज थोडं कागदाचं बोलूया.

26 जुलै 1902. शाहू महाराज तेव्हा विलायतेत होते. त्या दिवशी करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम छापून आला: इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. हुकूम नुसता तोंडी राहिला असता तर आज पुरावा काय दाखवला असता? छापला आणि जपला, म्हणून सव्वाशे वर्षं होत आली तरी तो कुणाला नाकारता येत नाही.

शेतकऱ्याला याचं काय? 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणं जमीन घेण्याची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत, ग्रामपंचायतीत आणि सरकारी संकेतस्थळावरही द्यावी लागते. हरकतीला तिथून 60 दिवस. विमानतळाला लागून असलेल्या गडमुडशिंगीत याचं मोल कुणाला सांगायला नको.

आता शासन निर्णय मोबाइलवर मिळतात. प्रत्येकाच्या शेवटी लांबलचक संकेतांक असतो, तो त्याचा गट नंबरच समजा. पण ऑनलाइन चढवणं वेगळं आणि टिकवणं वेगळं. संकेतस्थळ बदललं की जुनी लिंक चालेलच असं नाही. म्हणून कामाचा निर्णय दिसला की डाउनलोड करा, संकेतांक वहीत लिहा, छापील एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. बियाणं राखतो तसा कागदबी राखायचा, बघा.