धर्मांतराने काय टाकले, काय राखले?

आपल्या चळवळीत एक वाद अधूनमधून डोके वर काढतो. एक गट म्हणतो, १९५६ च्या आधीचे जे जे आहे ते गुलामीचे, म्हणून ते मुळापासून पुसून टाका. दुसरा गट म्हणतो, आपली लोककला, आपले बलुते, गावगाड्यातले आपले 'मानाचे स्थान' जपले पाहिजे. दोघेही बाबासाहेबांचेच नाव घेतात. आम्हाला विचाराल तर दोघांनीही महार वतनाचा इतिहास नीट वाचलेला नाही.

वतन म्हणजे काय, हे आजच्या पिढीला कुणी सांगत नाही. सातबाऱ्यावर तसा शेरा दिसला की मुले विचारतात, ही काय इनामाची जमीन होती का? इनाम कसले! साऱ्याचा भरणा तालुक्याला पोचवायचा, अंमलदार गावात आला की त्याच्या दिमतीला राहायचे, मयताचा सांगावा परगावी न्यायचा, मेलेले ढोर ओढून न्यायचे. या चाकरीला रात्र-दिवस नव्हता. घरातला एक आजारी पडला तर दुसऱ्याने जायचे. बदल्यात हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि दारोदार मागून आणायचे बलुते. पिढ्यागणिक तुकड्यांचे तुकडे होत गेले. चाकरी मात्र तेवढीच राहिली.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारता'तून यावर लेख लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. या विधेयकात एक गोष्ट फार बारकाईने केलेली दिसते. चाकरी आणि जमीन यांची शेकडो वर्षांची गाठ त्यांनी सोडवली. ज्याला चाकरी नको, त्याने पूर्ण सारा भरावा आणि जमीन आपल्याकडे ठेवावी. बलुत्याच्या जागी रोख पैसा यावा. म्हणजे गुलामी जावी, पण गुलामीच्या मोबदल्यात बापजाद्यांनी घाम गाळून राखलेली जमीन तिच्याबरोबर जाऊ नये. 'सगळे फेकून द्या' असेही ते म्हणाले नाहीत आणि 'परंपरा आहे, चालू द्या' असेही नाही.

याला सरकारदरबारी विरोध झाला, तसा आपल्यातल्याही अनेकांचा झाला. भाकरी जाईल, गावातला हक्क जाईल, ही भीती होती. ती भीती खोटी नव्हती. ज्याच्या हातात दुसरे काहीच नाही त्याला बलुत्याची शिळी भाकरीही मोठी वाटते. त्या माणसांना आज आपण 'मानसिक गुलाम' म्हणून मोकळे होतो, ते आम्हाला पटत नाही. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. मुंबई राज्याने कनिष्ठ गाववतने रद्द केली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्यातही तत्त्व तेच होते: चाकरी संपली आणि ठरलेली रक्कम भरून जमीन पूर्वीच्या वतनदाराला परत मिळण्याची सोय झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येणार नाही, अशी अटही घातली. ज्यांना ती रक्कम भरता आली नाही किंवा कायदाच कळला नाही, त्यांचे काय झाले याचा हिशोब आपल्या तरुणांनी आपापल्या गावात काढला पाहिजे. जयंतीच्या कमानीला वर्गणी जमते. तलाठी कार्यालयातून जुने फेरफार काढायला कुणी जात नाही.

याच कसोटीने १९२७ चे महाडही पाहा. मार्चच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार झाला. डिसेंबरात मनुस्मृती जाळली. त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की तुमची जात लांबून ओळखू येईल असे लुगडे नेसणे आणि तसले दागिने घालणे सोडा. लुगडे सोडा असे ते म्हणाले नाहीत. ज्या नेसण्यावर जातीचा शिक्का होता ते नेसणे त्यांनी बदलायला लावले.

धम्माच्या बाबतीतही हेच घडले, आणि इथे आपले भाबडे उपासक जरा नाराज होतील. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर महाराष्ट्रातल्या बौद्धांची संख्या कुठल्या कुठे गेली. १९५१ च्या जनगणनेत ती अडीच हजारांच्या आसपास होती, १९६१ मध्ये जवळजवळ २८ लाख झाली. घरोघरचे देव्हारे रिकामे झाले, टाक नदीला गेले. एवढी मोठी उलथापालथ करणारा माणूस नवा धर्म तरी जसाच्या तसा घेईल असे वाटेल. बाबासाहेबांनी तसे केले नाही. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांना बुद्धीला पटली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद पुढे आणला. पाणी नाकारलेल्या लोकांचा नेता बुद्धाच्या गृहत्यागाचे कारण पाण्याच्या तंट्यात शोधतो, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. दुसरीकडे त्रिशरण-पंचशील त्यांनी पालीतच ठेवले. धर्म निवडतानाही या देशाच्या संस्कृतीला धक्का लागणार नाही असाच निवडला, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे.

आता कलेकडे येऊ, कारण वाद तिथेच जास्त पेटतो. गावच्या उत्सवात 'बारा बलुतेदार' असा देखावा करतात. त्यात एक मुलगा घोंगडी घेऊन, काठी हातात धरून येसकर म्हणून उभा केला जातो आणि लोक टाळ्या वाजवतात. याला आपण संस्कृती म्हणणार असू तर बाबासाहेबांची विधिमंडळातली झुंज वाया गेली म्हणायची. पण म्हणून ढोलकीच नको, हा शहाणपणा कुठला? सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसा उभा केला. त्याच वाटेने भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. ढोलकी राहिली, सवाल-जवाब राहिले, बतावणी राहिली. देवाच्या गणाची जागा बाबासाहेबांच्या वंदनाने घेतली, आणि वगात राजा-राणीऐवजी सावकार, भट आणि शाळेत जाणारे आपले पोर आले. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत चळवळ पोचली ती अशी. वामनदादांची हजारो गाणी याच मातीतली.

आणि जात्यावरची ओवी? ती तर पूर्वी विठ्ठलाची, रामाची, माहेरची. आपल्या बायांनी जाते तेच ठेवले, चालही तीच ठेवली आणि त्यात भीमराया भाऊ म्हणून आला, रमाई आली, बुद्ध आला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, आणि त्या गाणाऱ्या बाया शाळेची पायरी न चढलेल्या आहेत. कुठल्याही कार्यकर्त्याने त्यांना हे शिकवले नव्हते. काय टाकायचे आणि कशावर आपली गोष्ट चढवायची, हे त्यांचे त्यांनी ठरवले.

या आज्या आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. घरात पिठाची गिरणी आली, जाते उंबऱ्याबाहेर गेले, आणि नातवंडांना आजीच्या ओवीत 'इठ्ठल' ऐकू आला की लाज वाटते. जलशांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. घराचा स्लॅब पडला की पेटीसकट भंगारात जातात. येत्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होईलच. त्याच बैठकीत अर्धा तास वस्तीतल्या एका आजीला गाऊ द्या. मोबाईल चालू ठेवा, तिचे नाव-गाव लिहून घ्या, आणि इठ्ठलाची ओवी आली तर मध्येच थांबवू नका.