घरगुती पाळणाघर : जागा सुरक्षित आहे का, हे कसे तपासावे?

दोन खोल्यांच्या घरात चार माणसांचे कुटुंब वर्षानुवर्षे सुखरूप राहते. त्याच घरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सात दहा मुले सांभाळायला घेतली की जागा तीच राहते, वापर मात्र बदलतो. दीड वर्षाच्या मुलाला धूर दिसला तर ते दाराकडे धावत नाही. बहुतेकदा पलंगाखाली किंवा कोपऱ्यात जाऊन बसते. तान्ह्या बाळाला तर उचलूनच न्यावे लागते. त्यामुळे पाळणाघरासाठी घर तपासताना निकष वेगळे लावावे लागतात.

कोणते नियम लागू पडतात?

मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. त्यासाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने पाळणाघरांबाबत किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या मुख्यतः नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी आहेत, पण घरगुती पाळणाघरालाही मापदंड म्हणून उपयोगी पडतात.

इमारतीबाबतचे नियम तीन ठिकाणी सापडतात. पहिले, स्थानिक विकास नियंत्रण नियमावली. राहत्या सदनिकेत असा वापर चालतो का, किती जागेत चालतो, हे महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्यावे. दुसरे, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. इमारतीत बसवलेली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी या कायद्याने मालक किंवा भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावे लागते. तिसरे, राष्ट्रीय इमारत संहिता, 2016. शिक्षण, करमणूक किंवा दिवसभराच्या देखभालीसाठी 20 किंवा अधिक मुले जमणाऱ्या इमारतीला ही संहिता ‘शैक्षणिक’ गटात धरते. म्हणजे मुलांची संख्या वाढली की घराकडे घर म्हणून पाहणे थांबते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिकेचा वापर बदलण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी. जिना मोकळा ठेवणे, पंप आणि नळी चालू ठेवणे ही कामे संस्थेच्या मदतीशिवाय होत नाहीत, म्हणूनही ती आवश्यक आहे.

कुंभकोणमचा धडा

16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली. वर गवताचे छप्पर होते. 94 मुले दगावली. त्यानंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर 2009 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला आणि शाळांत अग्निशामक साधने व प्रशिक्षित कर्मचारी असावेत असे निर्देश दिले. मुले लहान, बाहेर पडायची वाट अरुंद आणि स्वयंपाकघर जवळ, ही परिस्थिती अनेक घरगुती पाळणाघरांतही असते.

मजला आणि बाहेर पडण्याची वाट

तळमजला सर्वांत चांगला, नाहीतर पहिला. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते, आणि एक मोठे माणूस जिन्यावरून फार तर दोन बाळांना उचलून नेऊ शकते. म्हणून किती मुले घ्यायची, हे खोलीत किती गाद्या मावतात यावर ठरवू नये. घरात हजर असलेल्या माणसांना किती मुले एका फेरीत बाहेर काढता येतील, यावर ठरवावे.

मुख्य दार आणि सेफ्टी डोअर आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे. मुले बाहेर जाऊ नयेत म्हणून कुलूप लावून किल्ली कपाटात ठेवणे धोक्याचे आहे. त्याऐवजी मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर कडी बसवावी. दारासमोर चपलांचे कपाट, सायकली, जिन्यात चार्जिंगला लावलेली स्कूटर नको.

खिडक्या, गॅलरी, जिना

गॅलरीचा कठडा किमान एक मीटर उंच असावा. गजांमधील फट 10 सेंटीमीटरपेक्षा कमी असावी, नाहीतर लहान मुलाचे अंग त्यातून जाऊ शकते किंवा डोके अडकू शकते. आडवे गज शिडीसारखे वापरले जातात. उभे गज बरे. खिडकीखाली पलंग, खुर्ची, कुंडी ठेवू नये. पेटीसारखे बाहेर काढलेले ग्रिल मुलांना पडण्यापासून वाचवते, पण आगीत तेच सापळा ठरते. म्हणून एका ग्रिलला तरी आतून उघडणारा भाग हवा, आणि त्याची किल्ली मोठ्यांना चटकन सापडेल अशी ठेवलेली हवी.

स्वयंपाकघर आणि वीज

स्वयंपाकघराला फाटक किंवा अर्धे दार लावावे. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका मुले रांगतात तिथे. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी आणि काम संपल्यावर रेग्युलेटर बंद करावा. गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटण दाबू नये, खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर न्यावे आणि 1906 वर कळवावे.

विजेच्या मुख्य पेटीत 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. साधे एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटसाठी असते. माणसाला बसणाऱ्या धक्क्यापासून ते वाचवत नाही. खालच्या प्लगना झडपेचे सॉकेट हवे. एबीसी पावडरचे आयएसआय चिन्हाचे अग्निशामक दाराजवळ टांगावे, स्वयंपाकघराच्या आत नको.

पाणी आणि रंग

भरलेली बादली, टब किंवा पिंप एवढ्यात मूल बुडू शकते. न्हाणीघराची कडी बाहेरून वर असावी, आणि आतली कडी मुलाला लावता येणार नाही अशी. जुन्या भिंतीचे पोपडे मुले तोंडात घालतात. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 चे आहेत. त्याआधीचा सुटणारा रंग मुले नसताना ओला करून काढावा.

पालकांनी काय विचारावे?

मूल सोडायला जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. आता वीज गेली आणि धूर झाला तर मुलांना कोण, कोणत्या वाटेने बाहेर काढेल? बाहेर जमायची जागा कोणती? याचा सराव शेवटचा कधी केला? चांगले पाळणाघर चालवणाऱ्या ताईंना या प्रश्नांचा राग येत नाही. त्या तुम्हाला वाट चालून दाखवतात.