सातबारा एकाचा, कसणारा दुसराच

पेपरमिंटची गोळी जिभेवर ठेवली की जो गारवा जाणवतो, तो टीआरपीएम-८ या प्रथिनामुळे. त्यातला 'एम' मेन्थॉलचा, असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. निघाला तो मेलास्टॅटिनचा, म्हणजे थेट त्वचेच्या कर्करोगाच्या घरातला!

१९९८ साली उंदरांच्या मेलानोमात, म्हणजे त्याच कर्करोगात, मेलास्टॅटिनचं जनुक सापडलं. गाठ जितकी पसरणारी, तितकं ते गप्प. पुढे त्याच्या घराण्यातली आणखी प्रथिनं मिळाली आणि सगळ्यांना हेच आडनाव लागलं.

आता नावाची फोड. 'मेला' म्हणजे ग्रीक 'मेलास', काळा. त्यावर भांडण नाही. 'स्टॅटिन' मात्र 'मेटास्टॅसिस'चा तुकडा, की 'थांबवणारा'? माझा कौल दुसऱ्याला. १९७३ मध्ये वाढ रोखणाऱ्या संप्रेरकाचं 'सोमॅटोस्टॅटिन' असं बारसं झालं होतंच. वळण तेच दिसतं. पहिल्या पक्षाचा मुद्दाही अगदीच पोकळ नाही, कारण मेटास्टॅसिस म्हणजे स्थानांतर, आणि दोन्ही वाटा शेवटी आपल्या 'स्था' धातूच्या ग्रीक भावंडापाशीच पोचतात.

पण ज्या कामगिरीवर हे नाव मिळालं, ती मेलास्टॅटिनची नव्हतीच. २०१० साली कार्मित लेव्ही, डेव्हिड फिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खरा राखणदार या जनुकाच्या पोटात बसलाय. जनुकाच्या नकलेतून प्रथिनासाठी निरुपयोगी तुकडे कापून टाकले जातात. अशाच सहाव्या तुकड्यात मायक्रोआरएनए-२११ दडलेला असतो. लांबी जेमतेम २२ अक्षरांची. पेशीला घुसखोरीसाठी लागणाऱ्या प्रथिनांचे निरोप हा वाटेतच दाबतो. जनुक गप्प झालं की हाही गप्प, आणि पेशी मोकाट. सातबारा मालकाच्या नावावर, राबत होतं कूळ! मालकाचा खरा धंदा डोळ्यात: मेलास्टॅटिन बिघडलं की रातांधळेपणा येतो, काही ठिपकेदार अ‍ॅपलूसा घोड्यांनासुद्धा.

'कसेल त्याची जमीन' म्हणून नाव २११ च्या नावे करावं, असं मला फार वाटत होतं. तेवढ्यात २०१६ साली लेव्हींच्याच तेल अवीवच्या प्रयोगशाळेनं माझी पंचाईत केली. मेलानोमाच्या पेशी रंगद्रव्याच्या पुड्यांत हाच २११ भरून शेजारच्या, त्वचेच्या आतल्या थरातल्या पेशींना पाठवतात. तिथे तो त्या पेशींची चाल बदलतो आणि कर्करोगासाठी जागा तयार करून ठेवतो. आपल्या बांधावर राखणदार, बांधापलीकडे फितूर.