गोमंतकातील गृहकलह आणि समेटाची परंपरा

विवाह हा दोन जिवांचा संबंध असला तरी आपल्या समाजाने तो दोन कुळांचा संबंध मानला. साहजिकच पतिपत्नींत वितुष्ट आले की त्याची झळ दोन्ही घरांना लागे आणि ते मिटविण्याचे दायित्वही दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांवर येई. गोमंतकात ही रीत फार जुनी आहे. घरातले भांडण प्रथम घरातच मिटवावे, न मिटल्यास मामा, काका, व्याही अशा आप्तांना बसवावे, तेथेही तोड निघाली नाही तर गावातील प्रतिष्ठितांना मध्यस्थ घालावे, असा क्रम होता. कित्येकदा देवापुढे गाऱ्हाणे घालून कौलही मागितला जाई. महाजनांच्या शब्दाला जे वजन होते ते कायद्याने दिलेले नव्हते, लोकांच्या विश्वासाने दिलेले होते. १९३३ च्या महाजनी नियमावलीने देवस्थानांचा कारभार महाजनांकडे सोपविला. विवाहविषयक तंट्यांचा निवाडा हा त्या कारभाराचा विषय नव्हता.

या लोकरीतीला समांतर अशी एक व्यवस्था पोर्तुगीज अमलात कायद्यातही आली. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या चालीरीतींची संहिता निघाली आणि काही बाबतीत त्यांच्या रूढी राखून ठेवण्यात आल्या. नागरी संहितेत घटस्फोट नव्हता, परंतु विभक्त राहण्याची मुभा होती. विभक्त होऊ इच्छिणाऱ्या पतीने वा पत्नीने न्यायाधीशाकडे अर्ज करावा, न्यायाधीशाने कुटुंब-परिषद बोलवावी, तीत दोन्ही बाजूंचे तीन-तीन जवळचे आप्त असावेत आणि आप्त नसल्यास कुटुंबाचे स्नेही घ्यावेत, अशी योजना होती. परिषदेने प्रथम उभयतांचा समेट घडवून आणण्याचा यत्न करावयाचा, तो निष्फळ ठरल्यावरच विभक्ततेचा विचार करावयाचा. आज ज्याला कौटुंबिक मध्यस्थी म्हणतात, तिचे बीज या योजनेत स्पष्ट दिसते.

परंतु या व्यवस्थेचे गुण गाताना तिच्यातील उणीव झाकणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच संहितेत पत्नीचा व्यभिचार हे विभक्ततेचे पुरेसे कारण होते. पतीचा व्यभिचार मात्र सार्वजनिक बदनामी, पत्नीचा त्याग किंवा घरातच रखेली ठेवणे अशी जोड असेल तरच ग्राह्य धरला जाई. १८८० च्या संहितेने हिंदू पुरुषाला, पत्नीच्या वयाच्या २५ वर्षांपर्यंत अपत्य झाले नाही अशा काही ठरावीक परिस्थितीत, दुसऱ्या विवाहाची वाट ठेवली होती. तराजू असा एका बाजूला झुकलेला असताना वडीलधाऱ्यांनी घडविलेला समेट म्हणजे बहुधा सुनेने परत नांदायला जाणे, एवढाच अर्थ उरे. घराण्याची अब्रू राखली जाई. तिचे दुःख मात्र माजघरातच राही.

पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर ३ नोव्हेंबर १९१० च्या कायद्याने घटस्फोट मान्य केला आणि व्यभिचाराबाबत पतिपत्नींना सारखेच लेखले. पुढे तो गोव्यासही लागू झाला. परस्पर संमतीने घटस्फोट हवा असल्यास विवाहाला दोन वर्षे झालेली असावीत आणि दोघांचीही वये पंचवीस वर्षे पूर्ण असावीत, अशी अट होती. न्यायाधीशाने दोघांना समोर बसवून समेटाचा प्रयत्न करावयाचा, तो न साधल्यास एक वर्षाची तात्पुरती मुभा द्यावयाची आणि त्यानंतरच घटस्फोट कायम व्हावयाचा. आप्तांची जागा न्यायाधीशाने घेतली, तरी फेरविचाराला अवधी देण्याचे जुने शहाणपण टिकले. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने येथील प्रचलित कायदे चालू राहिले, आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा गोव्यात आला नाही.

देशातील कायदाही त्याच दिशेने चालत आला. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत कौटुंबिक दाव्यांत तडजोडीचा यत्न करणे न्यायालयाचे कर्तव्य ठरले, १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने ते दृढ केले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक तंटे मध्यस्थीकडे सोपविण्यावर भर दिला आणि २०२३ मध्ये स्वतंत्र मध्यस्थी कायदा संमत झाला. नव्या पद्धतीतील मध्यस्थ कोणाचा मामा वा व्याही नसतो. तो निकाल देत नाही, दोघांचे बोलणे गुप्त ठेवतो आणि तोडगा दोघांनी आपखुशीने स्वीकारावयाचा असतो. एकत्र राहणे अशक्य असेल तर मुलांचा ताबा, पोटगी, मालमत्तेची वाटणी या गोष्टी सामोपचाराने ठरविणे हेही तिचे यशच मानले जाते. गोव्यात तर सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने पत्नीचा अर्धा वाटा सामान्यतः कायद्यानेच मान्य असल्याने, तिने कोणाच्या दयेवर बोलण्याचे कारण नाही.

जेथे मारहाण वा छळ आहे, तेथे मात्र समेटाचा आग्रह धरणे हा अन्यायच होय. तेथे प्रथम संरक्षण, आणि त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे.

महाजन कुटुंबांपुढे आज दोन्ही वारसे आहेत. एक आस्थेने मध्ये पडण्याचा, दुसरा दुर्बलाच्या तोंडचे शब्द ऐकण्यापूर्वीच निवाडा देण्याचा. पहिला जपावा, दुसरा सोडावा. वडीलधाऱ्यांनी सुनेला आणि लेकीला एकाच पाटावर बसवून दोघींचे सारख्याच कानांनी ऐकले, तर देवळाच्या सभामंडपाला साजेसा न्याय घराघरांत नांदेल.